पाहुण्यांचे अभिप्राय : त्यांवर विश्वास किती ठेवावा ?

(लेखक : एक निवृत्त अव्वल कारकून)

शेतकऱ्यांच्या मासिकांत पीक, पाणी, खत व गुरें हे विषय सोडून प्रवासांतील मुक्कामाच्या घरांचा विषय काढलेला पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु हा विषय आतां शेताच्या बांधाबाहेरचा राहिलेला नाहीं. सुगी आटोपल्यावर कुटुंबासह चार दिवस कोंकणांत, महाबळेश्वरीं किंवा गोव्यास जाऊन येणारे शेतकरी आपल्यांत पुष्कळ आहेत. दुसरीकडे, आपल्याच मळ्यांत दोन खोल्या बांधून त्या शहरांतील पाहुण्यांस भाड्यानें देणारे शेतकरीहि ठिकठिकाणीं दिसतात. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषि पर्यटनाचें धोरण मंजूर केलें तें अशांच्याचसाठीं. म्हणजे आज पाहुणे असलेले आपण उद्यां यजमान होऊं शकतों. या दोन्ही बाजूंचा व्यवहार मोबाइलवर दिसणाऱ्या ताऱ्यांवर आणि त्यांखालीं लिहिलेल्या चार ओळींच्या अभिप्रायांवर चालतो. तेव्हां त्या ताऱ्यांचें मोल काय, याचा विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं. शिवाय या बाबतींत प्रस्तुत लेखकाच्या हातून एक चूक घडली आहे, ती सांगितल्यावांचून त्याच्या मनाची टोंचणी जाणार नाहीं.

हा व्यवहार कसा चालतो.— परगांवीं उतरण्याची सोय पूर्वीं ओळखीवर होत असे. कोणाचा मेहुणा, कोणाचा व्याही त्या गांवीं असे. त्याच्या नांवची चिठ्ठी घेऊन गेलें म्हणजे खोली मिळे. चिठ्ठी देणारा उभयतांच्या माहितीचा असे, व जागा वाईट निघाली तर त्यास जाब विचारतां येई. आतां ही चिठ्ठी अनोळखी लोक देतात. नेदरलँड्स देशांत १९९६ सालीं बुकिंग डॉट कॉम, व सॅन फ्रान्सिस्को येथें २००८ सालीं एअरबीएनबी, अशा ज्या कंपन्या निघाल्या, त्या घरवाला आणि पाहुणा यांच्यामध्यें बसून व्यवहार जमवून देतात. त्यांचें काम बाजारांतील अडत्यासारखें आहे. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, आणि मध्यें अडत्याची अडत. अडत्याचें हित सौदा होण्यांत असतें. माल उत्तम कीं मध्यम याची काळजी तो गिऱ्हाईक टिकविण्यापुरती करतो. यांत लबाडी आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु कोणाचें हित कशांत आहे, हें पाहिल्यावांचून कागदावरील आंकडा वाचूं नये, इतकें तीस वर्षांच्या नोकरीनें मला शिकविलें आहे.

लेखकाचा अनुभव.— २०२३ सालच्या मे महिन्यांत मी व माझें कुटुंब, वडील बंधूंच्या मंडळीसह, कुंभार्ली घाट उतरून गुहागर तालुक्यांत दोन रात्रींसाठीं गेलों होतों. जेथें उतरलों तें घर एका बागायतदाराचें. माणसें अत्यंत सौजन्यशील. घरच्या बाईंनीं आम्हांस उकडीचे मोदक करून घातले, आणि निघतांना आंब्यांची पिशवी गाडींत ठेविली. उणीव एकच होती. न्हाणीघर घराच्या मागें, खालच्या अंगाला. तेथें उतरण्यास जांभ्या दगडाच्या सात आठ पायऱ्या, त्यांना कठडा नाहीं, आणि वर दिवा नाहीं. पहिल्याच रात्रीं माझ्या पत्नीचा पाय तेथें घसरला; भिंतीचा आधार मिळाला म्हणून निभावलें. निघण्याच्या वेळीं घरच्या मुलानें मोबाइल पुढें करून म्हटलें, "काका, पांच तारे द्याल ना ?" ज्या घरचें अन्न खाल्लें त्या घरच्या पायरीचा दोष चवाठ्यावर कसा लिहावा, अशी भीड पडली. मीं पांच तारे दिले, आणि लिहिलें : "उत्तम सोय, घरगुती जेवण, कुटुंबासह अवश्य जावें." पायऱ्यांविषयीं एक अक्षरहि लिहिलें नाहीं.

त्याच वर्षीं दिवाळीच्या सुटींत आपल्या संघाचे एक सभासद त्याच घरीं गेले. बरोबर त्यांच्या मातोश्री होत्या. संध्याकाळीं अंधार पडल्यावर त्या न्हाणीकडे उतरत असतां पडल्या, आणि त्यांचें खुब्याचें हाड मोडलें. चिपळुणाहून त्यांना परत आणून शस्त्रक्रिया करावी लागली. आज त्या काठीवर चालतात. शेतावर जाणें कायमचें बंद झालें आहे. मी भेटावयास गेलों तेव्हां ते सभासद रागावून कांहीं बोलले नाहींत. इतकेंच म्हणाले, "भाऊसाहेब, तेथें पुष्कळ अभिप्राय होते, पण तुमचें नांव दिसलें म्हणून निश्चिंत मनानें गेलों." या वाक्यास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

घरीं आल्यावर मीं तो अभिप्राय दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. परंतु एकदां प्रसिद्ध झालेला मजकूर त्या ठिकाणीं बदलतां येत नाहीं असें कळलें. मग त्या बागायतदारांस फोन करून सर्व हकीकत सांगितली. ते फार हळहळले. म्हणाले, "काका, इतकीं माणसें येऊन गेलीं, एकानेंहि पायऱ्यांचें नांव काढलें नाहीं. सांगतां तर तेव्हांच कठडा घातला असता." आठ दिवसांत त्यांनीं लोखंडी कठडा बसविला व दिवा लाविला. खोट्या स्तुतीनें मी केवळ पुढच्या पाहुण्याचेंच नव्हे, तर ज्याच्या भिडेनें ती स्तुति केली त्या यजमानाचेंहि नुकसान केलें, हें मला तेव्हां उमगलें.

अभिप्राय गोड कां होतात ?— माझ्यासारखी भीड जगांत सर्वत्र आहे. अमेरिकेंतील बोस्टन विद्यापीठाच्या झेर्वास, प्रोसर्पिओ व बायर्स या अभ्यासकांनीं २०१५ सालीं एअरबीएनबीवरील सुमारें सहा लक्ष घरांचे तारे तपासले. पांचांपैकीं साडेचार किंवा पांच तारे मिळालेलीं घरें शेंकडा ९५ च्या जवळपास भरलीं. साडेतीनच्या खालचें घर जवळजवळ सांपडलेंच नाहीं. ट्रिपॲडव्हायझरवरील हॉटेलांची सरासरी मात्र ३·८ च्या आसपास होती. आतां वर्गांतील शंभरांपैकीं पंचाण्णव मुलांस पहिल्या प्रतीचे गुण मिळाले, तर मुलें सर्व हुशार आहेत असें न म्हणतां परीक्षकाचा हात सैल आहे असें आपण म्हणूं. अशा ठिकाणीं पांच तारे याचा अर्थ "उत्कृष्ट" असा नसून "उघड तक्रार नाहीं" इतकाच आहे. आणि चार तारे याचा अर्थ पुष्कळदां "कांहीं तरी खटकलें" असा होतो.

याचीं कारणें तीन दिसतात. पहिलें, समोरासमोरची भीड. हॉटेलांत आपण नोकरांशीं व्यवहार करतों, पण घरीं उतरलों म्हणजे मालकाच्या हातचा चहा पितों. दुसरें, परस्परांचें भय. एअरबीएनबीमध्यें पाहुणा जसा घराविषयीं लिहितो, तसा घरवालाहि पाहुण्याविषयीं लिहितो. पूर्वीं एकाचें लिहिणें दुसऱ्यास आधीं दिसे. त्यामुळें आपण वाईट लिहिलें तर तोहि वाईट लिहील, ही धास्ती असे. २०१४ सालीं कंपनीनें नियम बदलला. दोघांनींहि लिहिल्यावर, किंवा १४ दिवसांची मुदत संपल्यावरच दोघांचे अभिप्राय उघड होऊं लागले. यानें सूड उगविणें कमी झालें. तथापि ताऱ्यांच्या सरासरींत फरक थोडाच पडला. यावरून भयापेक्षां भीड बलवत्तर, असें मला वाटतें. तिसरें व सर्वांत महत्त्वाचें कारण म्हणजे नाराज माणसाचें मौन. फ्रॅडकिन व होल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग केला. ज्या घरांस तोंवर एकहि अभिप्राय नव्हता, त्यांत राहून गप्प बसलेल्या कांहीं पाहुण्यांस पुढील प्रवासासाठीं २५ डॉलरची सवलत देऊं करून अभिप्राय मागविले. तेव्हां जे अभिप्राय जास्तीचे आले ते नेहमींपेक्षां अधिक प्रतिकूल निघाले. म्हणजे ज्यांना बरें वाटत नाहीं, त्यांपैकीं पुष्कळ जण कांहीं न लिहितांच निघून जातात.

पैसेवारीचें उदाहरण.— महसूल खात्यांत पिकाचा अंदाज दोन तऱ्हांनीं होत आलेला मीं पाहिला आहे. एक नजरअंदाजाची पैसेवारी, जिला आपले वडीलधारे अजून आणेवारी म्हणतात. बांधावर उभें राहून डोळ्यांनीं पीक पाहावयाचें व आंकडा ठरवावयाचा. तो आंकडा पन्नास पैशांच्या आंत यावा असें गांवास वाटतें, कारण टंचाईच्या सवलती त्यावर अवलंबून असतात. दुसरी तऱ्हा पीककापणी प्रयोगाची. तीत शेत कोणाच्या आवडीनें निवडीत नाहींत, यदृच्छेनें निवडतात. तुकडा मोजून आखतात, पीक कापून मळतात, आणि वजन करून मग आंकडा लिहितात. पाहुण्यांचे अभिप्राय हे पहिल्या जातीचे आहेत. त्यांत एक जास्तीचा दोष असा कीं, अभिप्राय देणारे आपण होऊनच पुढें आलेले असतात. प्रत्येक शेतकऱ्यानें आपल्या पसंतीचा तुकडा दाखवावा आणि तेवढाच कापून गांवाचा उतारा काढावा, तर तो आंकडा कसा येईल, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. तथापि आम्ही नजरअंदाज कधीं फेंकून देत नव्हतों. कोणत्या बाजूस तो झुकतो हें माहीत असलें म्हणजे त्यांतूनहि खरें काढतां येतें. अभिप्रायांचेंहि तसेंच आहे.

निव्वळ खोटे अभिप्राय.— वर सांगितलेले अभिप्राय खऱ्या पाहुण्यांचे, फक्त गोड केलेले. दुसरी जात बनावट अभिप्रायांची. लंडन शहरांत २०१७ सालीं ऊबा बटलर नांवाच्या लेखकानें आपल्या अंगणांतील छपरास उपाहारगृह म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर नोंदविलें, मित्रांकडून स्तुति लिहवून घेतली, आणि एकाहि गिऱ्हाइकास जेवण न वाढतां तें छप्पर त्या शहरांतील पहिल्या क्रमांकाचें उपाहारगृह ठरलें. इटलींतील लेच्चे येथील न्यायालयानें २०१८ सालीं, हॉटेलांस खोटे अभिप्राय विकणाऱ्या एका इसमास नऊ महिन्यांची कैद फर्माविली. स्तुति विकत मिळते, तशी निंदाहि मिळते. मेझलिन, डोव्हर व शेव्हालिए यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत दोन ठिकाणच्या अभिप्रायांची तुलना आहे. एक्स्पीडियावर पैसे भरून राहिलेल्यासच लिहितां येई, ट्रिपॲडव्हायझरवर कोणासहि. ज्या हॉटेलाच्या शेजारीं प्रतिस्पर्धी हॉटेल होतें, त्याच्याविषयीं दुसऱ्या ठिकाणीं वाईट अभिप्राय प्रमाणाबाहेर आढळले. आणि लहान, स्वतंत्र मालकीच्या शेजाऱ्याच्या बाबतींत हा परिणाम अधिक दिसला. बांधाच्या भांडणांत शेजाऱ्याची साक्ष कितपत घ्यावी, हें जाणणाऱ्या वाचकांस यांत नवीन कांहीं वाटणार नाहीं.

यावरून पहिला प्रश्न असा विचारावा कीं, येथें लिहिणारा मनुष्य प्रत्यक्ष राहिला होता याचा पुरावा आहे काय ? बुकिंग डॉट कॉम व एअरबीएनबी यांवर त्यांच्यामार्फत नोंदणी केलेल्यांसच लिहितां येतें. गूगलच्या नकाशावर मात्र कोणासहि लिहितां येतें, आणि आपल्याकडील कित्येक लहान घरांचे अभिप्राय तेथेंच वाचावयास मिळतात.

सरासरीचा हिशोब.— आतां थोडें गणित. एका घरास पांच अभिप्राय आहेत. चौघांनीं पांच तारे दिले व एकानें एक. बेरीज २१, सरासरी ४·२. दुसऱ्या घरास शंभर अभिप्राय आहेत. नव्याण्णव जणांनीं पांच व एकानें एक. बेरीज ४९६, सरासरी ४·९६. तक्रार दोन्हीकडे एकच. पण पहिल्या घरास ती बुडविते, दुसऱ्यास शिवतहि नाहीं. म्हणून अभिप्राय थोडे असतील तेथें सरासरीवर भिस्त ठेवूं नये. दुसरें उदाहरण. एका घरास पूर्वीं साठ अभिप्राय पांच ताऱ्यांचे मिळाले. पुढें मालक बदलला, निगा राहिली नाहीं, आणि शेवटच्या दहा जणांनीं तीन तीन तारे दिले. बेरीज ३३०, भागिले ७०, सरासरी ४·७ च्या वर. कागदावर घर उत्तम. प्रत्यक्षांत आज तें मध्यम. सातबाराचा जुना उतारा पाहून जमीन घेणारा जसा फसतो, तसाच सरासरी पाहून नोंदणी करणारा फसतो. नेहमीं ताजे अभिप्राय आधीं वाचावे.

वाचण्याची रीत.— माझ्या चुकीनंतर मीं स्वतःपुरते कांहीं नियम केले आहेत, ते देतों.

(१) पांच ताऱ्यांचे व एका ताऱ्याचे अभिप्राय शेवटीं वाचावे. तीन व चार ताऱ्यांचे आधीं. मध्यम मत देणाऱ्यास स्तुतीचें किंवा सूडाचें कारण सहसा नसतें.

(२) "अप्रतिम", "स्वर्ग" असल्या विशेषणांस किंमत देऊं नये. "रात्रीं दहानंतर पाणी येत नाहीं", "शेवटचा एक किलोमीटर रस्ता कच्चा आहे" अशीं वाक्यें वेंचावीं. तपशील बनविणें कठीण, विशेषण बनविणें सोपें.

(३) एकच उणीव तीन निरनिराळ्या माणसांनीं निरनिराळ्या शब्दांत लिहिली असेल तर ती खरी समजावी, मग सरासरी कांहींहि असो.

(४) कशाविषयीं कोणीच बोलत नाहीं, हें पाहावें. सर्व जण जेवणाची व देखाव्याची स्तुति करतात आणि न्हाणीघराचें नांव कोणी काढीत नाहीं, तर न्हाणीघराची चौकशी करावी.

(५) थोड्याच दिवसांत पुष्कळ स्तुति एकदम आली असेल, व लिहिणाऱ्यांनीं दुसरीकडे कोठेंच कांहीं लिहिलें नसेल, तर संशय घ्यावा.

(६) तक्रारीस मालकानें दिलेलें उत्तर वाचावें. "चूक झाली, दुरुस्ती केली" असें लिहिणारा मालक भांडणाऱ्यापेक्षां बरा.

(७) लिहिणारा आपल्यासारखा आहे काय, हें पाहावें. तरुण मित्रमंडळीस जें घर उत्तम, तें वृद्ध आईस किंवा तान्ह्या मुलास उत्तम असेलच असें नाहीं.

(८) बरोबर म्हातारीं माणसें किंवा लहान मुलें असतील तर फोन करून पायऱ्या, कठडा, दिवा, विहिरीचा कांठ, पाणी आणि जवळचा दवाखाना यांविषयीं स्पष्ट विचारावें. हें काम अभिप्रायांवर सोंपवूं नये. मीं सोंपविलेलें ज्यांना भोंवलें, त्यांच्या घरीं ती काठी आज कोपऱ्यांत उभी आहे.

लिहिण्याची रीत.— वाचणारा सावध असला तरी लिहिणाराच गोड लिहूं लागला तर उपाय नाहीं. म्हणून खरें लिहिणें हें पाहुण्याचें कर्तव्य आहे. खरें लिहिणें म्हणजे निंदा करणें नव्हे. जें चांगलें तें लिहावें. जें धोक्याचें तें अवश्य लिहावें. जें केवळ आपल्या आवडीचें नव्हतें, तें सोडून द्यावें. घर सोडण्यापूर्वीं मालकास बाजूस घेऊन उणीव तोंडानें सांगावी, म्हणजे लिहितांना भीड वाटत नाहीं आणि वाचतांना त्यास धक्का बसत नाहीं. "माणसें प्रेमळ, जेवण उत्तम, मागच्या पायऱ्यांस कठडा नाहीं, वृद्धांस जपावें" हें एवढें लिहिण्यास मला दोन मिनिटें लागलीं असतीं.

घर देणाऱ्यांस दोन शब्द.— आपल्यापैकीं ज्यांनीं मळ्यांत खोल्या काढल्या आहेत, त्यांनीं पाहुण्यांपाशीं तारे मागूं नयेत, उणिवा विचाराव्या. "कांहीं कमी पडलें काय ?" असा प्रश्न निघतांना केला तर दहांपैकीं एक तरी खरें सांगेल, आणि तो एक बाकीच्या नऊ जणांपेक्षां उपयोगी. आप्तेष्टांकडून स्तुति लिहवून घेण्याचा मोह टाळावा. खोट्या स्तुतीनें आलेला पाहुणा नाराज होऊन जातो, आणि खरी तक्रार लिहून जातो. शिवाय हें आतां कायद्याच्या दृष्टीनेंहि बरें नव्हे. भारतीय मानक ब्यूरोनें ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावे, तपासावे व प्रसिद्ध करावे यासंबंधीं आय. एस. १९००० हें मानक २०२२ च्या नोव्हेंबरांत लागू केलें. तें आरंभीं ऐच्छिक ठेविलें गेलें. अमेरिकेंत खोट्या अभिप्रायांस बंदी करणारा नियम २०२४ च्या ऑक्टोबरांत, आणि इंग्लंडांत तशीच बंदी २०२५ च्या एप्रिलांत अमलांत आली. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें खोटें वर्णन करून सेवा विकणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. फसवणूक झालेल्या ग्राहकास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे फोन करतां येतो, व पुढें ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. बोलणें झालेले संदेश, जाहिरातीचें चित्र व पावती हीं जपून ठेवावीं.

सारांश.— पाहुण्यांचे अभिप्राय अगदींच टाकाऊ नाहींत, आणि आंधळेपणानें मानण्यासारखेहि नाहींत. त्यांचा कल गोडीकडे असतो हें ध्यानीं धरून, संख्या, तारीख व तपशील पाहून ते वाचले तर त्यांतून बराच बोध होतो. मात्र हा साठा जितका शुद्ध, तितकाच त्याचा उपयोग. आणि तो शुद्ध ठेवणें तुमच्या आमच्या हातीं आहे. गांवच्या पाणवठ्यांत एकानें घाण टाकली तर ती सर्वांच्या घागरींत येते. मीं एकदां टाकली, व ती माझ्याच शेजाऱ्याच्या घागरींत आली. वाचकांपैकीं कोणावर तसा प्रसंग येऊं नये, एवढ्याचसाठीं हें लिहिलें आहे.